चार बोटं

नवतप्याचा चौथा दिवस. सिव्हिल लाइन्सचे कडुनिंब
आपापली सावली पायाशी ओढून उभे.
चाकांच्या कड्या तापल्या होत्या,
दुपट्टा ओला करून मी तळहातांना गुंडाळला.
एवढं माझ्या हातात होतं.

बाबा मागावर बसून म्हणायचे,
धागा तुटला तर धाग्याशी भांडू नये,
गाठ मारावी, पुढं विणावं.
दोन वर्षांचा होतो, एक ताप आला आणि पाय घेऊन गेला.
तो काही कुणाच्या सहीनं आला नव्हता.
मी गाठ मारली.
इतवारीत शिलाई मशिनी दुरुस्त करतो,
अडलेली सुई मला आवाजावरून कळते.

ऑटोवाल्याचं "खुर्चीचे वेगळे पडतील",
सिग्नलवर कुणी मांडीवर ठेवलेलं दहाचं नाणं,
यातलं बरंचसं मी सकाळीच दाराबाहेर ठेवतो
दुधाच्या रिकाम्या पिशवीसारखं.

इमारत नवी. रंगाचा वास अजून.
उतार आहे; नाही कोण म्हणतं?
उतारावर अकरा कुंड्या आहेत,
गेल्या महिन्यात कुणी मोठं येणार होतं, तेव्हाच्या.
कुंड्यांपलीकडे स्टुलावर रूपचंद धकाते.
"काऊन दादा, एवढ्या उन्हात? पोराले पाठवायचं ना."
"पोरगा नाही. अन् सही माझीच लागते."
त्यानं पाच कुंड्या सरकवल्या, माझ्यापुरत्या.

मी खिशातला टेप काढला, शिंप्याचा, पिवळा.
वीस इंच चढायचं तर वीस फूट उतार लागतो.
हा आठ फुटांत आटोपलेला.
घसरत, दम खात, दातओठ खात चढलो
तर वर उंबरा.

"चार बोटं तर आहे," धकाते म्हणाला,
"थांबा, पोरं बोलावतो, उचलून घेऊ."
खुर्चीसकट उचललं की माणूस गणपती होतो,
आणि गणपतीला कुणी विचारत नाही
कुठं जायचंय.
"नको," म्हटलं. "बसतो इथंच."

बसल्या बसल्या मी मनात दोन ढीग केले,
रोजची सवय.
आपल्या हातातलं इकडे, हाताबाहेरचं तिकडे.
ऊन, तिकडे. पाय, तिकडे, केव्हाचेच.
उंबरा उचलून तिकडे टाकणार,
तर त्याच्या कडेला बोट फिरवल्याची खूण दिसली,
सिमेंट ओलं असतानाची.
म्हणजे कुणाच्या तरी हातातलं होतं हे.
माझ्या नव्हतं, एवढंच.
ताप आला होता.
उंबरा केलेला आहे.
बाबा, धागा नव्हता तुटला. माग वाकडा होता.
मागाशी भांडावं लागतं, न चिडता,
पाना घेऊन, रोज थोडं.

अडीचला लांजेवार बाई खाली आल्या,
दुसऱ्या मजल्यावरून, आडव्या आडव्या,
भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
"लिफ्ट?" मी विचारलं.
"मंजूर आहे," त्या म्हणाल्या, आणि धापा टाकत
उंबऱ्यावरच बसल्या.
सही झाली. शिक्का त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून मारला.
मग मी दुसरा कागद दिला: उंची, लांबी, चार बोटं,
खाली माझं नाव, पोच द्यावी ही विनंती.
त्यांनी दोनदा वाचला.
गुडघ्यावरून हात फिरवला, बोलल्या काही नाही.
पोच दिली.

उतरताना ब्रेक म्हणजे माझे दोन तळहात.
दुपट्टा कधीच वाळला होता.
फाटकाशी वळून पाहिलं,
धकाते त्या पाच कुंड्या
जागेवर नेऊन ठेवत होता, अगदी ओळीत,
वर पानं पुसत.

राग आला नाही.
हाक मात्र मारली,
"रूपचंदभाऊ!"
आणि खुर्ची परत वळवली.